नदीकाठच्या उद्यानात वस्तीपासून पाण्यापर्यंतची वाट कशी आखावी

नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम मार्गी लागले, नाल्यांचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांकडे वळले आणि पात्रातला राडारोडा उचलला गेला की काठावर उद्यान करण्याची मागणी पुढे येते, आणि त्या उद्यानाचा पहिला आराखडा बहुतेक वेळा काठाला समांतर धावणाऱ्या एका लांबलचक पदपथाचा असतो. नकाशावर तो देखणा दिसतो. परंतु ज्या वस्तीतून माणसे यायची, ती वस्ती आणि तो पदपथ यांच्यामध्ये रहदारीचा रस्ता, सोसायट्यांच्या कुंपणभिंती, पूरसंरक्षक भिंत आणि तीन-चार मीटरचा उतार असतो, आणि या सगळ्याचा विचार अगदी शेवटी, जागा उरेल तिथे पायऱ्या टाकून उरकला जातो. हा क्रम उलटा हवा. आधी वस्तीकडून पाण्याकडे जाणाऱ्या आडव्या वाटा निश्चित कराव्यात, त्या प्रत्येक वाटेवर पावसाळ्यात पाणी कुठवर चढते ते पाहावे, आणि त्यानंतरच या वाटांना जोडणारा काठावरचा पदपथ आखावा.

पुढील मांडणी दख्खनच्या पठारावरील नद्या, आणि त्यातही खडकवासला ते मुळा-मुठा संगम या पट्ट्यातील पुण्याची मुठा, डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. या नद्या वर्षातले सात-आठ महिने बारीक धारेने वाहतात आणि उरलेल्या काळात कधीही दोन्ही काठ भरून येतात. त्यामुळे वर्षभर एकाच पातळीवर वाहणाऱ्या नदीसाठी केलेले आराखडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

आधी पाणी समजून घ्यावे

मुठेचे उदाहरण घेऊ. खडकवासला धरणाची साठवणक्षमता दोन टीएमसीसुद्धा (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) नाही. पानशेत आणि वरसगाव ही वरची धरणे मात्र प्रत्येकी दहा टीएमसीहून मोठी आहेत. पाणलोटात जोराचा पाऊस झाला आणि वरची धरणे भरत आली, की आलेले पाणी थोपवून धरण्याची ताकद खडकवासल्यात उरत नाही आणि विसर्ग काही तासांत वाढवावा लागतो. २५ जुलै २०२४ रोजी तो सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे त्या दिवशी मुठेतून दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर पाणी जात होते. काठावर बाक, उतार किंवा खेळणी बसवणाऱ्याने हा आकडा टेबलावर समोर लिहून ठेवावा.

जलसंपदा विभागाने निश्चित केलेल्या पूररेषांचे नकाशे हा पहिला दस्तऐवज. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने दाखवलेली असते. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध असते आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात ते निर्बंधांसह करता येते. मात्र उद्यानासाठी एवढी माहिती पुरत नाही, कारण नेहमीच्या पावसाळ्यात दोन-तीनदा चढणारे पाणी या नकाशात दिसत नाही, आणि उद्यानाचे रोजचे आयुष्य त्याच पाण्यावर ठरते. त्यासाठी धरणाच्या विसर्गाच्या मागील निदान दहा वर्षांच्या नोंदी मागवाव्यात आणि ठरावीक विसर्गाला आपल्या जागेवर पाणी कुठे येते याचे छेद सर्वेक्षकाकडून काढून घ्यावेत. जागेवरच्या खुणाही पाहाव्यात: पुलाच्या खांबांवरचे गाळाचे पट्टे, झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या चिंध्या आणि प्लास्टिक, देवळाच्या भिंतीवर कोणी तरी रंगवून ठेवलेली जुनी रेघ. काठावर जुन्या पिढ्यांपासून राहणारी घरे असतील, तर त्यांच्याकडे हिशेब तयार असतो. मुठेच्या पात्रातला बुटका भिडे पूल पाण्याखाली गेला की आपल्या गल्लीत काय होते, हे त्या भागातील माणसाला कोणत्याही अहवालाआधी माहीत असते.

या माहितीवरून काठाचे तीन थर पाडावेत. दरवर्षी पाण्याखाली जाणारा खालचा थर, काही वर्षांनी एकदा जाणारा मधला थर, आणि निळ्या रेषेच्या बाहेरचा वरचा थर. खालच्या थरात फक्त पाण्याने धुऊन निघेल आणि तरीही जागेवर राहील असेच काही असावे: दगडी पायऱ्या, खडीचा किनारा, गवत, वाकणारी झुडपे. मधल्या थरात मोकळी मैदाने, बाक आणि मातीच्या पायवाटा चालतात. स्वच्छतागृह, विजेचे पॅनेल, पंप, पहारेकऱ्याची खोली आणि खाद्यपदार्थांच्या टपऱ्या वरच्या थरातच हव्यात, आणि विजेचे मुख्य पॅनेल शक्य असेल तर लाल रेषेच्याही वर असावे. सपाट जागा मिळावी म्हणून पात्रात भराव टाकण्याची सूचना प्रत्येक प्रकल्पात कोणी ना कोणी करतोच. ती कागदावर येण्याआधीच नाकारावी. काठ पाण्याखाली गेला तरी हरकत नाही, पण त्याने पाण्याची वाट अडवता कामा नये. उद्यानासाठी आवळलेले पात्र वरच्या अंगाच्या वस्तीत पाणी चढवते.

आडव्या वाटा शोधाव्यात

काठापासून वस्तीच्या आत सुमारे ४०० मीटरपर्यंतचा पट्टा, म्हणजे साधारण पाच मिनिटांच्या चालीचे अंतर, पायी फिरून पाहावा. नकाशावर न दिसणाऱ्या वाटा इथे सापडतात: घाटाकडे उतरणारा जुना बोळ, देवळाच्या मागचे फाटक, ओढ्याच्या कडेने गेलेली पायवाट, एखाद्या शाळेच्या कुंपणातली मुलांनी पाडलेली फट. पुण्याच्या जुन्या पेठांत ओंकारेश्वराच्या देवळापाशी नदीकडे जाण्याची सवय लोकांच्या पायांत अजून आहे. नव्या उपनगरांत मात्र सोसायटीची मागची भिंत थेट नदीकडे पाठ करून उभी असते, आणि तिथे मोकळ्या भूखंडांतून किंवा ओढ्यानाल्यांच्या काठांनी नवी वाट काढावी लागते. ओढे-नाले या कामी फार मोलाचे आहेत. ते नैसर्गिकरीत्याच वस्तीतून नदीकडे उतरतात, त्यांच्या बाजूची जमीन बऱ्याचदा सार्वजनिक ताब्यात असते, आणि उद्यानाची वाट त्यांच्या कडेने नेली तर त्यांची साफसफाईही लोकांच्या नजरेखाली राहते. अर्थात ओढाही पुरात खवळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुराने पुण्यात जीव घेतले, म्हणून ओढ्याकाठच्या वाटेलाही पूरपातळीची तीच कसोटी लावावी.

दाट वस्तीत दर २०० ते ३०० मीटरवर एक प्रवेश असावा. प्रवेश मोजताना फक्त दोन्ही टोकांची कमान आणि वाहनतळ असलेली मुख्य दारे धरू नयेत. म्हातारी माणसे आणि लहान मुले दाराशी असलेल्या बोळातूनच येतात आणि तो बोळ बंद असला तर येतच नाहीत. प्रत्येक प्रवेशाला काठावरचा रस्ता ओलांडावा लागत असेल, तर तिथे पदपथाच्या उंचीइतका उचललेला पादचारी पट्टा करावा, म्हणजे वाहनांना वेग कमी करणे भाग पडते आणि चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी न उतरता पलीकडे जाते. पादचारी पूल हा अशा ठिकाणी उपाय नव्हे. दोन जिने चढून-उतरून बागेत जाण्याइतकी हौस कमी जणांना असते. दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून लावली जाणारी वाकडीतिकडी लोखंडी फाटके चाकाची खुर्चीही अडवतात, म्हणून त्यांच्याऐवजी एकमेकांपासून ९० ते १०० सेंटिमीटर अंतरावर पक्के खांब रोवावेत आणि दुचाक्यांचा बंदोबस्त माणसाने करावा. सार्वजनिक वाहतुकीचे थांबे या वाटांच्या तोंडाशी आणता येतात का तेही पाहावे. पुण्यात डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही मेट्रोस्थानके मुठेच्या काठावरच आहेत, आणि अशा स्थानकातून बाहेर पडणारा माणूस नदीकडे सहज वळेल अशी वाट करणे अवघड नाही.

उतार आणि पायऱ्या

काठ आणि पाणी यांच्या पातळीतला फरक हा या कामातला सर्वांत कठीण भाग आहे, आणि त्याला आराखड्यात सर्वांत जास्त जागा द्यावी लागते. सुगम्यतेसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उतारवाट १:१२ पेक्षा तीव्र नसावी. याचा अर्थ असा की तीन मीटर खाली जायचे तर केवळ उताराची लांबी ३६ मीटर होते. दर ९ मीटरवर, म्हणजे ७५ सेंटिमीटर उतरल्यावर, दीड मीटरचा सपाट विसावा धरला की ती ४० मीटरच्या पुढे जाते. माझा आग्रह १:२० चा आहे. तीन मीटरसाठी त्याला ६० मीटर लागतात. परंतु एवढ्या मंद उतारावर खुर्ची ढकलणाऱ्याला दम लागत नाही, गुडघेदुखीचा माणूस कठड्याशिवाय उतरतो, आणि ती वाट वेगळी, अपंगांसाठी म्हणून बाजूला काढलेली न वाटता सगळ्यांची मुख्य वाट होते. साठ मीटर कुठून आणायचे, हा प्रश्न अभियंता विचारेलच. त्याचे उत्तर असे की उतारवाट काठाला काटकोनात न नेता तिरकी, उताराच्या अंगाने उतरवावी. मग तिला वेगळी जागा लागत नाही, ती उताराच्या जागेतच बसते.

तिरकी वाट करताना तिचे खालचे तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेला असावे. ते वरच्या दिशेला असले तर पुराचे पाणी सरळ वाटेत घुसते, कडा कुरतडते आणि वाहून आणलेले सगळे ओंडके, जलपर्णी आणि प्लास्टिक तिथेच आणून टाकते. पाण्याशी न भांडणारा आकार निवडणे आपल्याकडे नवे नाही. वाईच्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलेली आहे, आणि कृष्णेचा पूर त्या टोकावर दुभंगून दोन अंगांनी निघून जातो. नदीत उभे राहणारे काहीही, मग तो कठड्याचा साधा खांब असो किंवा पायऱ्यांचा कोपरा, या नजरेने तपासावे.

घाट हा या नद्यांचा स्वतःचा बांधकामप्रकार आहे आणि तो टिकवण्यासारखा आहे, कारण पाणी कोणत्याही पातळीला असले तरी त्याला लागून एक पायरी मिळतेच. नव्या घाटात दोन मापे एकत्र आणावीत. बसण्याची पायरी ४५ सेंटिमीटर उंच आणि किमान ९० सेंटिमीटर रुंद ठेवली, तर तिच्यात चालण्याच्या १५ सेंटिमीटर उंचीच्या बरोबर तीन पायऱ्या बसतात, आणि त्यांना प्रत्येकी ३० सेंटिमीटर रुंदी मिळते. मग दर दहा-बारा मीटरवर चालण्याच्या पायऱ्यांची एक पट्टी आणि मधल्या भागात बसण्याच्या पायऱ्या अशी रचना करता येते. म्हाताऱ्या माणसाला गुडघाभर उंचीच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत आणि संध्याकाळी गप्पा मारत बसणाऱ्यांमुळे वाटही अडत नाही. चालण्याच्या पट्टीला कठडा हवा आणि पहिल्या व शेवटच्या पायरीची कड वेगळ्या रंगाच्या दगडाची हवी, कारण कमी दिसणाऱ्या माणसाला एकसारख्या काळ्या दगडात पायरी ओळखू येत नाही.

पृष्ठभागासाठी टाकी लावलेला खरबरीत काळा पाषाण उत्तम. गुळगुळीत ग्रॅनाइट, चकचकीत फरशी आणि रंगीत टाइल यांवर गाळाचा पातळ थर बसला किंवा शेवाळ धरले की पाय ठरत नाही. वाळूवर बसवलेले पेव्हर ब्लॉकही खालच्या थरात टाळावेत, कारण पुराचे पाणी सांध्यांतून वाळू ओढून नेते आणि उन्हाळ्यात सपाट दिसलेली वाट सप्टेंबरात दातांसारखी उंचसखल होते. सगळ्या सपाट जागांना नदीच्या बाजूला १:५० चा हलका ढाळ द्यावा, म्हणजे पाणी आणि पातळ गाळ साचून न राहता परत जातो.

पाण्याशी किती जवळीक

पाण्याजवळ जाण्याच्या तीन पायऱ्या मानाव्यात: पाणी पाहणे, पाण्याकाठी बसणे आणि पाण्यात पाय घालणे. कोणत्या ठिकाणी कोणती पायरी द्यायची हे स्थापत्यावरून न ठरवता पाण्याच्या तपासणीवरून ठरवावे. आंघोळीयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा आहे की बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, आणि विष्ठाजन्य कॉलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत, फार तर २,५०० पर्यंत चालावेत. नदी पुनरुज्जीवित झाल्याची घोषणा झाली तरी हे आकडे लगेच गाठले जातात असे नाही. ते गाठले जात नाहीत तोवर मुलांना पाण्यात उतरवणारी उथळ पायरी बांधू नये. पायऱ्यांचा पाया आणि खालचा टप्पा तयार ठेवून मधे झाडोऱ्याचा पट्टा राखावा, आणि आकडे सलग दोन वर्षे टिकले की तो पट्टा उघडावा. म्युनिकमध्ये २००० ते २०११ या काळात इसार नदीच्या सुमारे ८ किलोमीटर पट्ट्यातले कठीण, सरळ किनारे काढून उथळ खडीचे किनारे केले गेले आणि आज तिथे उन्हाळ्यात लोक पाण्यात उतरतात. त्यामागे वरच्या अंगाच्या गावांतील सांडपाणी केंद्रांमध्ये बसवलेली अतिनील किरणांची निर्जंतुकीकरण यंत्रणाही आहे, हे किनाऱ्याचे फोटो पाहून कळत नाही.

काठ कशाने बांधावा याचा निर्णय नमुन्यावरून करावा. सिंगापूरच्या बिशान–आंग मो किओ उद्यानात २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा मोडून कल्लांग नदीला ३.२ किलोमीटरचे वळणदार पात्र दिले गेले आणि २०१२ मध्ये ते उद्यान लोकांसाठी खुले झाले. तिथे प्रत्यक्ष कामाआधी सुमारे ६० मीटरच्या एका पट्ट्यात माती धरून ठेवणाऱ्या दहा वेगवेगळ्या पद्धती वनस्पतींसह करून पाहिल्या गेल्या. पात्राची रुंदी २० मीटरच्या आसपासची जागोजागी जवळपास १०० मीटरपर्यंत वाढल्यामुळे पूरवहनाची क्षमताही सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. जागा सोडली की पूर आणि माणूस दोघांचीही सोय होते, याचे हे चांगले उदाहरण आहे. आपल्याकडेही एका पावसाळ्यापुरता ५०-६० मीटरचा नमुना पट्टा करणे कोणत्याही महापालिकेला परवडते. त्यात वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर, निर्गुडी, शेरणी आणि पाण्याच्या कडेला लव्हाळा व पाणकणीस अशी इथली झाडे लावावीत. पूर ओसरल्यावर जे तग धरून उभे राहील ते पुढच्या किलोमीटरभर लावावे.

आणि सगळा काठ माणसांना देऊ नये. जिथे बगळे, खंड्या, शेकाटे चरतात ते दलदलीचे कोपरे आणि बेटे यांपासून पदपथ दूर ठेवावा. शक्य असेल तर एका काठावर वर्दळ आणि समोरच्या काठावर शांतता अशी वाटणी करावी. दिव्यांचे खांब बुटके, उजेड पिवळसर आणि खाली वळवलेला असावा, आणि पाण्यावर थेट झोत पडू नये. चालणाऱ्याला समोरच्याचा चेहरा ओळखू येईल इतका उजेड पुरतो.

पाणी वाढल्यावर बाहेर पडण्याची वाट

खालच्या पदपथावर उभ्या असलेल्या कोणालाही सुमारे १०० मीटर चालल्यावर वर जाणारी वाट मिळाली पाहिजे. सावकाश चालणाऱ्याला तेवढ्यासाठी दोन ते तीन मिनिटे लागतात. या वाटा शक्यतो मंद उताराच्याच असाव्यात, कारण घाईच्या क्षणी चाकाच्या खुर्चीवरचा माणूस पायऱ्यांच्या तळाशी अडकून पडणे ही कल्पनाच सहन होणारी नाही. पुलांखालचे अरुंद बोगदे, एका टोकाला बंद असलेले कट्टे आणि दोन बाजूंनी भिंत असलेले पदपथ हे सर्वांत धोक्याचे. वेगाने वाहणारे वीतभर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलू शकते.

इशारा साऱ्यांना समजेल असा हवा. नाशिकमध्ये गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजला जातो. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, एवढे ऐकले की गावाला काय करायचे ते कळते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे पोराटोरांना पाठ असते. उद्यानातही असेच करावे. घाटाच्या ठरावीक पायऱ्या लाल दगडात बांधाव्यात आणि प्रत्येक प्रवेशावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे की पाणी या पायरीला टेकले की खालची वाट सोडावी. त्यावर यंत्रांची जोड द्यावी: कल्लांग नदीवर पातळी मोजणारे संवेदक, इशाऱ्याचे दिवे, भोंगे आणि ध्वनिक्षेपक बसवलेले आहेत. धरणाखालच्या नदीत आपल्याला आणखी एक सोय आहे. विसर्ग वाढवण्याचा निर्णय धरणावर घेतला जातो, तेव्हा तो निर्णय पाणी येण्याच्या कितीतरी आधी उद्यानाच्या पहारेकऱ्यापर्यंत पोहोचवता येतो. त्यासाठी जलसंपदा विभाग, महापालिकेचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष आणि उद्यान विभाग यांच्यात लेखी व्यवस्था असावी, कोणत्या विसर्गाला कोणती फाटके कोणी बंद करायची हे हुद्द्यासह ठरलेले असावे, आणि दर मे महिन्यात त्याची रंगीत तालीम व्हावी. सोलमध्ये उन्नत महामार्ग पाडून २००५ मध्ये मोकळ्या केलेल्या सुमारे ५.८ किलोमीटरच्या चॉन्ग्येचॉन ओढ्यातही जोराचा पाऊस आला की खालचे पदपथ बंद करून माणसांना वर काढले जाते. त्याच प्रकल्पावर सुरुवातीला अपंगांच्या संघटनांनी टीका केली होती, कारण खाली उतरण्याच्या सोयी त्यांच्यासाठी अपुऱ्या होत्या. नंतर दुरुस्त करणे महाग पडते.

आधीपासून येणारी माणसे

उद्यान होण्याआधीही नदीवर माणसे येतच असतात. दशक्रिया विधी, गणेश विसर्जन, छठपूजा, गोधड्या धुणे, म्हशी पाण्यावर आणणे, गळ टाकून बसणे या सगळ्यांसाठी लोक पिढ्यानपिढ्या काठावर उतरतात, आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली त्यांना हुसकावणे अन्यायाचे आहे. प्रत्येकाची जागा नकाशावर नोंदवावी. दशक्रियेचा घाट मुलांच्या खेळण्यापासून दूर, स्वतंत्र वाटेचा, सावलीचा आणि निर्माल्य वेगळे गोळा होईल असा असावा. विसर्जनासाठी हौद वरच्या थरात, ट्रॅक्टर-टेम्पो वळू शकेल अशा ठिकाणी बांधावेत आणि उरलेले वर्ष तेच मुलांच्या स्केटिंगला द्यावेत. धुणे आणि जनावरे यांसाठी प्रवाहाच्या खालच्या अंगाला पाणवठा ठेवावा आणि त्याचे पाणी थेट पात्रात न सोडता झाडोऱ्याच्या पट्ट्यातून जाऊ द्यावे. स्त्रियांना कोणत्या वेळी कुठे सुरक्षित वाटते हे विचारण्यासाठी वेगळी बैठक घ्यावी; एरवीच्या जनसुनावणीत त्या बोलतातच असे नाही. त्यांच्या सूचना बहुधा अगदी नेमक्या असतात: बाकाच्या मागे उंच झुडपे नकोत, फाटकाशी चहाची टपरी असू द्या, स्वच्छतागृह वाहनतळाच्या मागे दडवू नका.

देखभाल आराखड्यातच असावी

पहिल्या मोठ्या पुरानंतर उद्यान कसे दिसेल याचे चित्र आराखड्यासोबत काढावे. खालच्या पायऱ्यांवर घोटाभर गाळ, कठड्यांच्या आडव्या नळ्यांवर ओल्या साड्यांचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचे झुबके, जलपर्णीने झाकलेले बाक. हे अपयश नव्हे, हा वार्षिक कार्यक्रम आहे, आणि त्याची तरतूद निविदेत हवी. खालच्या थरातले कठडे खोबणीतून काढता येण्यासारखे करावेत आणि ते मेअखेर काढून ऑक्टोबरात परत बसवावेत. गाळ ओला असतानाच धुऊन काढणे सोपे असते, सुकून दगडाला चिकटला की कुदळ लागते. म्हणून दर १०० मीटरवर वरच्या थरात पाण्याची जोडणी आणि खाली छोटे वाहन उतरू शकेल असा किमान एक रुंद उतार ठेवावा. पूर ओसरल्यापासून किती दिवसांत कोणती वाट उघडायची याचा क्रम लिहून ठेवावा, आणि त्यात उतारवाटा पायऱ्यांच्या आधी याव्यात. बांधकामाच्या ठेकेदाराकडेच किमान पाच पावसाळ्यांची देखभाल सोपवावी, म्हणजे कुठला दगड आणि कुठला सांधा वापरायचा याचा निर्णय तो वेगळ्या काळजीने घेतो.

सगळे काम एका दमात पुरे करण्याची घाई करू नये. पहिल्या वर्षी दोन-तीन आडव्या वाटा, त्यांचे उतार आणि त्यांना जोडणारा साधा मुरमाचा पदपथ एवढेच करावे आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. लोक कुठून उतरले, कुठे बसले, गवतातून कोणती नवी पायवाट पडली, गाळ कोणत्या कोपऱ्यात साचला आणि कोणत्या विसर्गाला लाल पायरी बुडाली याच्या नोंदी दर आठवड्याला ठेवाव्यात. कायमचे बाक, सावलीचे मांडव, उरलेले घाट आणि खेळाच्या जागा यांच्या निविदा त्या नोंदी हातात आल्यावर, पुढच्या जानेवारीत काढाव्यात.